दहा अंकांचा पडदा, तीन अंकांचे मोजमाप : एका शास्त्रीय कॅल्क्युलेटरचा वर्षभराचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, अकरावीचे वर्ग भरण्याच्या आधीच्या आठवड्यात, मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडलगतच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसाठी सहा शास्त्रीय कॅल्क्युलेटर विकत घेतले. दोन ओळींचा पडदा, त्यावर दहा अंक, उजवीकडे घातांकासाठी वेगळी जागा आणि हजार रुपयांच्या आतबाहेर किंमत, असा हा सर्वसाधारण नमुना आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या किमतीच्या जवळजवळ प्रत्येक मॉडेलला लागू पडते. वर्षभर ही सहा यंत्रे चार तुकड्यांच्या हातांतून फिरली. ज्यांना मुलांसाठी किंवा स्वतःसाठी असे यंत्र घ्यायचे आहे, त्यांना सार्थ अंक (मोजमापातले खरोखर अर्थ असलेले अंक) आणि पूर्णांकन, म्हणजे ज्याला आपण वर्गात राउंड ऑफ म्हणतो, या बाबतीत त्याचा किती उपयोग होतो हे कळावे, यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

बांधणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बटणे घट्ट आहेत, छापलेली अक्षरे अजून पुसली गेलेली नाहीत, सरकवून लावायचे झाकण मजबूत आहे आणि एकाही यंत्राची बॅटरी अद्याप बदलावी लागलेली नाही. त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, वर्गमूळ, सरासरी हे सर्व अचूक येते. माझा मुद्दा या अचूकतेपासूनच सुरू होतो.

पहिल्याच प्रात्यक्षिकात पितळेच्या एका नळकांड्याची घनता काढायची असते. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०१ सेंटिमीटर. एका गटाने व्यास १.२७ सेंटिमीटर आणि लांबी ४.८६ सेंटिमीटर मोजली, तर तराजूवर वस्तुमान ५२.३ ग्रॅम आले. तिन्ही मोजमापांत तीन-तीन सार्थ अंक आहेत. मुलांनी आकडे भरले, बरोबरचे बटण दाबले आणि पडद्यावर ८.४९५०९२१९१ उमटले. वहीत ते जसेच्या तसे, एककासह, खाली दोन रेघा मारून लिहिले गेले. मी विचारले, "हा शेवटचा एक कुठून आला?" गटातील मुलाने सरळ उत्तर दिले, "मॅडम, कॅल्क्युलेटरनं दिलाय."

त्या मुलाची यात काही चूक नव्हती. त्याच्या हातातील व्हर्नियर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या पुढे काही सांगू शकत नाही, तराजू ग्रॅमच्या दहाव्या भागापाशी थांबतो, आणि तरीही उत्तर ग्रॅमच्या अब्जाव्या भागापर्यंत पोहोचले आहे. हे कसे, असा प्रश्न पडावा, असे काहीही पडद्यावर दिसत नाही. मोजलेला अंक आणि गुणाकार-भागाकारातून निपजलेला अंक एकाच ठशात, एकाच काळ्या रंगात उमटतात. गुणाकार-भागाकारात उत्तराचे सार्थ अंक सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या मोजमापाइतकेच ठेवायचे, हा नियम यंत्राला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची सोयही नाही, कारण १.२७ हे आपण मोजले आहे की दुकानातल्या १.२७ रुपयांसारखी ती नेमकी संख्या आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सूत्रातला २ किंवा इंचाचे २५.४ मिलिमीटर या संख्या व्याख्येनेच नेमक्या असतात, त्यांच्यामुळे उत्तराचे अंक कमी होत नाहीत. हा भेद माणसानेच करायचा आहे.

मात्र त्यासाठी लागणारे हत्यार या यंत्रात आहे, आणि म्हणूनच मी त्याची शिफारस करते. मोडच्या यादीत शेवटी फिक्स (ठरावीक दशांश स्थळे), साय (ठरावीक सार्थ अंक) आणि नॉर्म (नेहमीची मांडणी) असे तीन पर्याय येतात. त्यातील साय निवडून ३ दाबले की प्रत्येक उत्तर तीन सार्थ अंकांत, घातांकाच्या रूपात दिसते. वरचे उत्तर मग ८.५० गुणिले दहाचा शून्यावा घात असे येते. इथे मी मुलांना थांबवून तो शेवटचा शून्य दाखवते. ८.५ आणि ८.५० या गणिताच्या तासाला सारख्या संख्या असल्या, तरी प्रयोगशाळेत त्या सारख्या नाहीत. दुसरीतला शून्य म्हणजे आपण तिसरा अंक पाहिला आणि तो शून्य निघाला, असे विधान आहे. नॉर्म मोडमध्ये हेच यंत्र शेवटचे शून्य गिळून टाकते. साय मोड तो शून्य जपतो, आणि माझ्या मते या यंत्रातील सर्वांत मोलाची सोय हीच आहे.

फिक्स आणि साय यांतील फरक मात्र मुलांच्या सहज लक्षात येत नाही, कारण दशांश स्थळे आणि सार्थ अंक ही एकच गोष्ट आहे, असा समज दहावीपर्यंत पक्का झालेला असतो. तो मोडण्यासाठी मी ०.००४२ ही संख्या यंत्रात घालायला सांगते. फिक्स ३ मध्ये ती ०.००४ दिसते, म्हणजे एकच सार्थ अंक उरतो. साय ३ मध्ये ४.२० गुणिले दहाचा उणे तिसरा घात अशी दिसते, म्हणजे मूळ दोन सार्थ अंकांना एक न मोजलेला शून्य चिकटतो. सुरुवातीचे शून्य फक्त जागा दाखवतात, ते सार्थ नसतात. आणि साय ३ हा मोडसुद्धा न विचारता तीनच अंक दाखवणार, म्हणून मोजमाप दोन अंकांचे असेल तर साय २ लावला पाहिजे. दोन्ही मोडच्या मर्यादा एकाच संख्येत दिसतात, म्हणून हे उदाहरण मला आवडते.

शेवटी शून्य असलेल्या पूर्ण संख्येचा घोळ कोल्हापुरात समजावणे सोपे जाते. गुळाचा रवा ३० किलोचा, असे सगळेच म्हणतात. त्यातील शून्य मोजलेला आहे की बोलण्याच्या सोयीचा, हे नुसत्या ३० वरून कळत नाही. काट्यावर ३०.० दिसले तर प्रश्न मिटतो. साय मोडमध्ये ३.० आणि ३.०० असे वेगवेगळे लिहावेच लागते, त्यामुळे घातांक रूपात ही संदिग्धता राहत नाही.

आता त्या बाबीकडे येते जिच्यात यंत्र नीट वापरले तर फार मदत करते आणि अर्धवट वापरले तर उत्तर बिघडवते. ही बाब म्हणजे मधल्या पायऱ्यांवरचे पूर्णांकन. पितळेच्या त्याच नळकांड्याचे दुसऱ्या गटाने काय केले ते पाहा. त्यांनी आधी आकारमान काढले, पडद्यावरील ६.१५६४... वरून वहीत ६.१६ लिहिले, आणि मग ५२.३ भागिले ६.१६ असे नव्याने भरले. उत्तर ८.४९ आले. तिसरा गट त्याहून काटेकोर होता, त्याने वर्तुळाचे क्षेत्रफळसुद्धा १.२७ असे पूर्णांकित करून पुढे नेले, मग आकारमान ६.१७ धरले आणि घनता ८.४८ काढली. मोजमापे तीच, सूत्र तेच, नियमही प्रत्येकाने प्रामाणिकपणे पाळलेला, आणि तीन गटांची तीन उत्तरे : ८.५०, ८.४९, ८.४८. तिसऱ्या गटातील एक मुलगी आपले उत्तर चुकले हे कळल्यावर अगदी खट्टू झाली, कारण तिने सर्वांत जास्त काळजी घेतली होती. तिची काळजी योग्य होती, जागा चुकली होती. मधल्या पायरीवर एक-दोन अंक जास्त ठेवायचे आणि पूर्णांकन शेवटी एकदाच करायचे, हा नियम तिला त्या दिवशी जसा कळला तसा फळ्यावर लिहून कळला नसता.

यंत्र हे काम आपोआप करते. फिक्स किंवा साय मोडमध्ये पडद्यावरचा आकडा छोटा झाला, तरी आतला आकडा पूर्ण असतो. फिक्स २ लावून १० भागिले ३ केले की ३.३३ दिसते, पण त्याच उत्तराला ३ ने गुणले की १०.०० येते. मध्येच राउंडचे बटण दाबले तर आतला आकडाही ३.३३ होतो आणि गुणाकार ९.९९ येतो. मी हे दोन्ही प्रकार प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने करून पाहायला लावते. आन्सरचे बटण आणि मेमरी वापरून गणित सलग पुढे न्यायचे, वहीत उतरवून पुन्हा भरायचे नाही, एवढी एक सवय लागली तरी निम्मे घोळ संपतात. राउंडच्या बटणाचा खरा उपयोग पैशांच्या हिशेबात आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत आणायची असते, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर. तिथे मधला आकडा खरोखरच रुपयात बदलतो.

छाटणे आणि पूर्णांकन यांतही गल्लत होते. पुढचे अंक नुसते पुसून टाकले की प्रत्येक वेळी आकडा खालीच जातो, आणि असे हजारो वेळा झाले की तूट साठत जाते. कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला निर्देशांक दर व्यवहारानंतर तीन दशांश स्थळांपाशी छाटला जात होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ पर्यंत उतरलेला दिसत होता, आणि नीट मोजल्यावर तो १०९८.८९२ निघाला. माझ्या वर्गात हा दाखला दिला की मागच्या बाकावरचे सुद्धा मान वर करतात.

या यंत्राविरुद्ध माझी पहिली खरी तक्रार अशी आहे की लावलेला मोड पडद्याच्या वरच्या कडेला इतक्या बारीक अक्षरांत दिसतो की तो कोणाच्याच लक्षात येत नाही. डिसेंबरमध्ये रेषीय प्रसरणाच्या प्रयोगात एक मुलगी माझ्याकडे पडलेल्या चेहऱ्याने आली. पितळेच्या दांड्याचा प्रसरणांक, म्हणजे तापमान एका अंशाने वाढल्यावर लांबी किती पटीने वाढते तो आकडा, तिला शून्य येत होता. तिने वाचने दोनदा तपासली होती, वाफ पुन्हा सोडून दांडा पुन्हा तापवला होता. मी यंत्र हातात घेतले तर आधीच्या तुकडीतल्या कोणीतरी फिक्स २ लावून ठेवला होता. पितळेचा प्रसरणांक अंशाला साधारण १.९ गुणिले दहाचा उणे पाचवा घात इतका असतो. दोन दशांश स्थळांत तो ०.०० दिसणारच. साय २ लावला आणि तिचे उत्तर पडद्यावर आले, तेही चांगले आले. पाऊण तास मात्र गेला होता. सामायिक वापराच्या यंत्रात मोड मोठ्या अक्षरांत दाखवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणून नव्हे, तर सावधगिरी म्हणून सांगते. नेमका पाच उरला की काय करायचे, याचा यंत्राचा नियम आणि पाठ्यपुस्तकाचा नियम वेगळा आहे. यंत्र पाचाला नेहमी वर नेते. पुस्तकातील नियमानुसार पाचाच्या पुढे काही नसेल, तर आधीचा अंक सम असल्यास तसाच ठेवायचा आणि विषम असल्यास एकाने वाढवायचा. २.७३५ आणि २.७४५ या दोन्हींचे दोन दशांश स्थळांत पुस्तकी उत्तर २.७४ येते, यंत्र पहिल्याचे २.७४ आणि दुसऱ्याचे २.७५ देते. मुलांना पुस्तकाचा नियम उगीच किचकट वाटतो, म्हणून मी त्यांना बेरीज करायला सांगते. मूळ संख्यांची बेरीज ५.४८ आहे. पुस्तकी नियमाने पूर्णांकित केलेल्यांची बेरीज ५.४८ च राहते, यंत्राच्या नियमाने ती ५.४९ होते. निम्मे पाच वर आणि निम्मे खाली गेले की एका बाजूला कल राहत नाही, एवढाच त्या नियमाचा हेतू आहे.

हाच सम-विषमाचा नियम पूर्णांकनाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २ मध्ये, दिलेला आहे, आणि हे मला पुस्तकातून नव्हे, तर उद्यमनगरात यंत्रशाळा चालवणाऱ्या माझ्या मामांच्या टेबलावर पडलेल्या मानकाच्या प्रतीतून कळले. भारतीय मानकांच्या प्रस्तावनेत ठरावीक वाक्य असते की चाचणीचा निष्कर्ष पूर्णांकित करायचा झाल्यास तो आयएस २ प्रमाणे करावा, आणि मानकात जितके अंक दिले आहेत तितकेच ठेवावेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना या वाक्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. एफजी २६० प्रतीच्या करड्या बिडाची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन हवी असते. चाचणीत २५९.६ आले तर वरील नियमाने ते २६० होते आणि नमुना उत्तीर्ण ठरतो, २५९.४ आले तर २५९ होते आणि तो नापास. आधी २५९.४६ चे २५९.५ आणि मग त्याचे २६० असे दोन टप्प्यांत केले, तर नापास नमुना उत्तीर्ण होईल. म्हणून पूर्णांकन मूळ आकड्यावरून एकाच टप्प्यात करावे लागते. परीक्षेत जो अर्धा गुण वाटतो, तो तिथे अख्ख्या लॉटचा प्रश्न असतो.

मामांकडची आणखी एक आठवण इथे सांगणे योग्य होईल. त्यांचा डिजिटल व्हर्नियर ०.०१ मिलिमीटरपर्यंत आकडा दाखवतो. मी एक दांडा मोजून आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, त्यो शेवटचा आकडा हलतोय बघ. त्यो नुसता बघायचा, धरायचा न्हाई." ते उपकरण ०.०१ पर्यंत दाखवते, पण त्याच्या प्रमाणपत्रावर अचूकता ०.०३ मिलिमीटर लिहिलेली आहे. दाखवणे वेगळे आणि खात्रीने सांगणे वेगळे, हे शाळेत कधीही भौतिकशास्त्र न शिकलेल्या माणसाने मला एका वाक्यात दाखवले.

यावरूनच पुढचा मुद्दा निघतो. सार्थ अंकांचा नियमसुद्धा ढोबळच आहे. पितळेच्या नळकांड्याकडे परत जाऊ. व्यासातील ०.०१ ची अनिश्चितता सुमारे ०.८ टक्के आहे, आणि सूत्रात व्यासाचा वर्ग असल्याने ती दुप्पट होते. लांबी आणि वस्तुमान यांची प्रत्येकी ०.२ टक्के धरली तर एकूण जवळपास २ टक्के होते. ८.५० चे २ टक्के म्हणजे ०.१७. मग प्रामाणिक उत्तर ८.५ ± ०.२ असे लिहायला हवे, आणि ज्या तिसऱ्या अंकावरून तीन गटांत वाद झाला तो अंक मुळात लिहिण्याच्या लायकीचाच नव्हता. हे मी पहिल्या सत्रात सांगत नाही. आधी नियम हातात बसू द्यावा लागतो. पण दुसऱ्या सत्रात न सांगता सोडले तर मुलांना नियम म्हणजेच सत्य वाटू लागते.

बेरीज-वजाबाकीसाठी साय मोडचा उपयोग होत नाही, तिथे दशांश स्थळेच पाहावी लागतात. ५२.३१ मधून ५१.९४ वजा केले की ०.३७ उरते, चार अंकांच्या दोन मोजमापांतून दोनच सार्थ अंक हाती लागतात, आणि साय ३ लावलेला असेल तर यंत्र बिनदिक्कत ३.७० गुणिले दहाचा उणे पहिला घात दाखवते. द्रावणाची आम्लता सांगणारा पीएच काढतानाही असेच होते : हायड्रोजन आयनांची तीव्रता ३.२ गुणिले दहाचा उणे चौथा घात असेल, तर पडद्यावर ३.४९४८५००२२ येते, पण तीव्रतेत दोन सार्थ अंक असल्याने पीएचची दोनच दशांश स्थळे, म्हणजे ३.४९, लिहायची.

एक तुलना मला महत्त्वाची वाटते. बारावीच्या बोर्डाच्या लेखी परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, आणि पालक मला नेहमी विचारतात की मग यंत्र घ्यायचेच कशाला. लॉग टेबल चार अंकी असते. त्यातून चारपेक्षा जास्त सार्थ अंक बाहेर येऊच शकत नाहीत, त्यामुळे आमच्या पिढीला दहा अंकांचा मोह कधी झालाच नाही. ती मर्यादा कागदावरच छापलेली होती. यंत्राने ती काढून घेतली. म्हणून मी दोन्ही शिकवते. लॉग टेबलने आलेले उत्तर आणि साय ४ मध्ये आलेले उत्तर शेजारी शेजारी लिहायला लावते, आणि शेवटच्या अंकात एखाद-दुसऱ्याचा फरक पडला की तो का पडला हे विचारते.

पावसाळ्यात तर उदाहरण शोधावेही लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत जाहीर होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शहरातल्या लहान मुलालाही पाठ असते. ४३ फुटांचे मीटर करा म्हटले की यंत्र १३.१०६४ देते. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर हे नेमके आहे, पण पातळी वाचली जाते इंचापर्यंत, आणि एक इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर. मग मिलिमीटरचे अंश लिहिण्यात काय अर्थ, असे विचारल्यावर वर्गातून आपोआप १३.११ हे उत्तर आले.

यंत्रासोबत येणारी माहितीपत्रिका मात्र निराशाजनक आहे. मोठ्या कागदाच्या घडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत छापलेली, आणि फिक्स-साय-नॉर्मसाठी त्यात जेमतेम चार ओळी. सार्थ अंकांसाठी ही सोय वापरता येते, हे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मराठीतून शिकून अकरावीत आलेल्या मुलाला त्यातून काही हाती लागणार नाही.

ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी दुकानात उभे राहूनच दोन गोष्टी कराव्यात. साय ३ लावून पाहावा आणि पडद्यावरील मोडची अक्षरे हातभर अंतरावरून वाचता येतात का ते तपासावे. काही मॉडेलमध्ये ती जरा ठळक आहेत. नुसता साधा हिशेबाचा कॅल्क्युलेटर भौतिकशास्त्रासाठी घेऊ नये, त्यात साय मोड नसतो. उलट आलेख काढणारे महागडे यंत्रही अकरावीला लागत नाही.

आमच्या सहाही यंत्रांच्या पाठीवर मी कागदाची एक पट्टी चिकटवली आहे : "वापरण्याआधी मोड पाहा. मधे पूर्णांकन नको. वापर झाल्यावर नॉर्म लावून ठेवा." वर्षभरात मुलांच्या घामट बोटांनी त्यातील शाई फिकट झाली आहे, दोन यंत्रांवरील मधले वाक्य आता वाचताही येत नाही, म्हणून या जूनमध्ये नव्या पट्ट्या लिहून त्यांवर पारदर्शक टेप लावणार आहे.